रस्सा कुठंय?

हल्ली हॉटेल काढायला भांडवल कमी पडलं तर बँक आहे, जागा कमी पडली तर रस्ता आहे. पण मालकाच्या आयुष्यात संघर्ष कमी पडला तर काही खरं नाही. पूर्वी हॉटेलात शिरलं की देवीची तसबीर, 'उधार बंद' ही पाटी आणि मालकाच्या वडिलांचा हार घातलेला फोटो एवढंच वाचायला असे. आता मेनूकार्डाच्या पहिल्या पानावर मालकाचं चरित्र असतं. वडील लवकर गेले, आईनं धुणीभांडी केली, मालकानं पुण्यात टेबलं पुसली, एकदा धंदा बुडाला, मग आजीच्या हातची चव आठवली. आणि पान उलटलं की पनीर टिक्का दोनशे साठ. गिऱ्हाईक डोळे पुसत ऑर्डर देतं.

पुण्या-मुंबईला हे खपतं. आमच्या धाराशिव जिल्ह्यात अवघड आहे, कारण इथं संघर्ष ज्याच्या-त्याच्या घरात पोत्यानं पडलेला. 1972 च्या दुष्काळात खडी फोडून मिलोची भाकरी खाल्लेले आजोबा अजून ओट्यावर बसून पाऊस मोजतात. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी-सास्तूरची जमीन हलली, लातूर आणि तेव्हाचं उस्मानाबाद, म्हणजे आमचं धाराशिव, मिळून जवळजवळ आठ हजार माणसं गेली. पुढं कितीतरी दिवस धड घरं असलेली माणसंसुद्धा अंगणात झोपत आणि तीन दगडांची चूलही अंगणातच मांडत. 2016 च्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीनं पाणी आलं. आमच्या जळकोट गावानं ती गाडी टीव्हीवर बघितली, कारण जळकोटला रूळच नाहीत. हालांच्या भांडवलावर हॉटेल काढायचं ठरवलं, तर जिल्ह्यात उंबऱ्यागणिक एक हॉटेल होईल आणि जेवायला कर्नाटकातून माणसं आणावी लागतील.

हे मी आमच्या दाजींना पुष्कळ सांगून बघितलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मेव्हण्याचं ऐकायचं नाही हा नियम ते लग्नापासून पाळत आलेले आहेत.

दाजींच्या हालांत खोट काढता येणार नाही. द्राक्षबाग लावली, ती 2014 च्या गारपिटीनं झोडपली. सोयाबीन केलं, तर पीक आलं तेव्हा भाव नव्हता आणि भाव आला तेव्हा पीक नव्हतं. शेवटी पुण्याला एका बार्बेक्यूवाल्या मोठ्या हॉटेलात कामाला लागले. तिथं टेबलाच्या मधोमध निखाऱ्यांची शेगडी असते आणि गिऱ्हाईक सळईवरचे तुकडे स्वतःच फिरवत बसतं, हे बघून दाजी थक्क झाले. "पैशे तेच देतेत, भाजतेत बी तेच. करपलं तर दोष बी त्यांचाच," हे त्यांनी आम्हाला फोनवर सांगितलं, तेव्हा त्यांच्या आवाजात जी श्रद्धा होती ती पंढरीलाही नव्हती. 2020 च्या टाळेबंदीत ते हॉटेल बंद पडलं, दाजी जळकोटला परत आले, आणि येताना तसंच हॉटेल काढायची कल्पना घेऊन आले.

"पाहुण्याला शेगडीपुढं बसवून तुझं तूच भाज म्हणलं, तर आपल्याकडं सोयरीक मोडती," दाजींचे वडील म्हणाले. बहीण म्हणाली, "भाजायचंच असंल तर वांगी भाजा, लेकरं तरी खातील." दोघांचंही म्हणणं पुढं खरं ठरलं, पण घरातल्या खऱ्या म्हणण्याला किंमत असती तर महाराष्ट्रात निम्मी हॉटेलं निघालीच नसती.

जळकोट हे तुळजापूर तालुक्यातलं, सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचं, नळदुर्गच्या पुढं आठेक किलोमीटरवरचं गाव. (लातूर जिल्ह्यातही एक जळकोट आहे, ते तालुक्याचं ठिकाण आहे आणि शंभरावर किलोमीटर लांब आहे. दाजींनी मागवलेल्या लोखंडी शेगड्या आधी तिकडं उतरल्या.) या रस्त्याचा इतिहास असा की इथून जातात सगळे, थांबत कुणी नाही. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजेनं नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला, सकाळी नऊला रणगाडे जळकोटात शिरले आणि दुपारी सव्वातीनला उमरग्यात पोचलेसुद्धा. निजामाचं राज्य घालवायला निघालेली माणसं जेवायला थांबणार नाहीत हे आम्हाला मान्य आहे. पण तेव्हा पडलेली सवय लोकांनी अजून सोडलेली नाही. पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यात पाणी महालाच्या बांधावरून नर-मादी धबधबे पडायला लागले की सोलापूरची माणसं गाड्या भरभरून येतात, ओली होतात, फोटो काढतात आणि भूक लागली की सोलापूरला परत जातात. त्यांना आणखी आठ किलोमीटर पुढं ओढायचं हा दाजींचा आर्थिक आराखडा होता.

रस्त्यावरच्या माणसाला थांबवणं ही या भागातली जुनी विद्या आहे म्हणा. 1853 नंतर काही वर्षं नळदुर्गला मेडोज टेलर नावाचा इंग्रज अधिकारी कारभार बघत होता. ठगांवरची त्याची कादंबरी त्याआधीच, 1839 साली निघाली होती आणि विलायतेत भरपूर गाजली होती. वाटसरूशी गोड बोलायचं, त्याला विश्वासात घेऊन थांबवायचं आणि तो निवांत बसला की गळा आवळायचा, ही ठगांची रीत. महामार्गावरच्या काही हॉटेलांनी ती कादंबरी बारकाईनं वाचलेली असावी, असं बिल येतं तेव्हा वाटतं. ड्रायव्हर-क्लीनरला जेवण फुकट आणि प्रवाशांना पाण्याची बाटलीसुद्धा चढ्या भावानं, हा त्यातलाच एक उपप्रकार.

दाजींना धीर द्यावा म्हणून मी त्यांना अमेरिकेतल्या रॉडनी स्कॉटची हकीकत सांगितली. साउथ कॅरोलायना राज्यात हेमिंग्वे म्हणून लहानसं गाव आहे. तिथं स्कॉट कुटुंबाचं हॉटेल. आख्खं डुक्कर रात्रभर मंद निखाऱ्यावर भाजायचं, लाकूड स्वतः फोडायचं, निखारे स्वतः पाडायचे. 2013 च्या नोव्हेंबरात त्यांच्या भट्ट्यांना आग लागली. मग दोस्तमंडळींनी रॉडनीला गावोगाव नेऊन भाजायला लावलं, त्या पैशांतून भट्ट्या पुन्हा उभ्या केल्या. 2017 ला त्यानं चार्ल्स्टन शहरात स्वतःचं हॉटेल काढलं आणि 2018 ला त्याला जेम्स बेअर्ड पुरस्कार मिळाला, जो तिकडच्या स्वयंपाक्यांत फार मोठा मानतात. दाजींनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "विमा होता का?"

मग मी टूट्सी आजींकडं वळलो. टेक्सासातल्या लेक्सिंग्टन गावात स्नोज बार्बेक्यू नावाचं हॉटेल आहे, तिथं या टूट्सी टोमानेट्झ आजी भट्टी सांभाळतात. जन्म 1935 चा. शाळेत देखभालीची नोकरी करून वर रात्री-अपरात्री उठून भट्टी पेटवायची. नवरा गेला, पाठोपाठ मुलगा गेला, आजी भट्टीवर येत राहिल्या. 2008 मध्ये टेक्सास मंथली मासिकानं हे हॉटेल राज्यात पहिलं ठरवलं. "आणि दाजी, हॉटेल आठवड्यातून फक्त एक दिवस उघडं. शनिवारी!"

"शनिवारी?" दाजी उठूनच बसले. "शनिवार मारुतीचा. जळकोटात शनिवारी कोंबडी सुद्धा बिनघोर फिरती."

इथं दाजींनी पहिल्यांदा कालनिर्णय काढलं. पुण्याच्या हॉटेलात त्याची गरज पडत नसे. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. राहिले बुधवार, शुक्रवार, रविवार. त्यातून एकादशी वजा, चतुर्थी वजा, आख्खा श्रावण वजा, नवरात्र वजा. माळकरी घरं कायमची वजा. या पट्ट्यात लिंगायत समाज मोठा, ती घरंही वजा. उरलं काय, तर आखाडातले रविवार. आणि आखाडातल्या रविवारी माणूस हॉटेलात कशाला येईल? त्याला पाहुण्याकडचं जावळ असतं, कुणाची तरी कंदुरी असते. ज्यांना कंदुरी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: नवस फेडायला दर्ग्याला किंवा देवाला बोकड द्यायचं आणि गावाला जेवू घालायचं. हिंदू-मुसलमान एका पंगतीला. आमंत्रण एकाला दिलं की येतात घरटी सगळे, आणि कुणाला कमी पडत नाही. ज्या गावात चांगलं मटण पोटभर आणि फुकट मिळायची सोय शंभर वर्षं सुरळीत चालू आहे, त्या गावात साडेतीनशे रुपये देऊन स्वतः भाजून खाणारा माणूस शोधायचा होता.

पाटीचा घोटाळा वेगळाच. पेंटरनं आधी अंदाज न घेता सुरुवात केली, त्यामुळं 'बार' एवढं वरच्या ओळीत ठसठशीत बसलं आणि 'बेक्यू' खालच्या ओळीत कोपऱ्यात गेलं. पहिल्याच संध्याकाळी गर्दी बघून दाजी गहिवरले. आलेला प्रत्येक माणूस मात्र बसायच्या आधी हळू आवाजात "क्वार्टर हाय का?" असं विचारत होता. नाही म्हटल्यावर "मग पाटी कशाला लावली?" हा त्यांचा प्रश्न ग्राहक मंचात टिकला असता.

मालाच्या बाबतीत दाजी नशीबवान होते. देशातल्या नावाजलेल्या शेळ्यांत उस्मानाबादी शेळी मोडते. बहुतेक काळीभोर, काटक, जुळी देणारी, दुष्काळात बाभळीच्या शेंगा चघळून टिकणारी. 2023 मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. शेळी आपली उस्मानाबादीच राहिली. शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याचं नाव पुढं चालवायची जबाबदारी आता बोकडांवर आहे आणि ते ती मुकाट्यानं पार पाडतात.

अडचण एवढीच की हे बोकड दिवसभर माळरान तुडवून वाढलेलं. त्याच्या मांडीत आणि फऱ्यात चिवटपणा मुरलेला असतो. तो मऊ पडायला ओलाव्यात तास-दोन तास मंद शिजणं लागतं, म्हणून तर आपल्या बायकांनी रस्सा जन्माला घातला. तेच मटण सळईला टोचून निखाऱ्यावर पाव तास धरलं, की खाणाऱ्याचे दात आणि बोकडाची मांडी यांत कोण जिंकेल ते सांगता येत नाही. झटपट भाजायला कलेजी चांगली, बरगडीचा कोवळा तुकडा चांगला. हे कळायला पुण्याची नोकरी लागत नाही. घरी बोकड पडलं की रश्शाला आधण येईपर्यंत लेकरांना गप्प बसवायला हळद-मीठ लावलेली कलेजी निखाऱ्यावर कोण भाजून देतं? आजीच ना? दाजींनी मात्र कच्ची पपई, दही आणि पुण्याहून आणलेला एक लाल मसाला यांत मांडीचेच तुकडे रात्रभर बुडवले. सकाळी वरून लगदा आणि आत चामडं, असा एक नवा पदार्थ तयार झाला होता.

जळणाची कथा त्याहून मजेची. पिशवीतला कोळसा परवडेना, तेव्हा दाजी ओढ्याकाठची वेडी बाभूळ तोडून आणायला लागले. हिच्याइतकं शिव्या खाल्लेलं झाड आमच्याकडं दुसरं नाही. पेरली नाही तरी उगवते, तोडली तरी फुटते, काटा टायरमध्ये जातो. मी सहज वाचत असताना कळलं की टेक्सासातले लोक ज्या मेस्किट नावाच्या लाकडाच्या धुराचं एवढं कौतुक करतात, ते या वेड्या बाभळीच्याच कुळातलं. म्हणजे साता समुद्रापलीकडं ज्या धुराचे डॉलर मोजतात, त्याचा भाऊबंद आमच्याकडं गटारीच्या कडेला फुकट उभा आहे आणि ग्रामपंचायत तो काढायला ठराव करते. दाजींना हे सांगितलं तर ते म्हणाले, "कुणाला सांगू नका, उद्या हिचा बी लिलाव निघंल."

आणि मग खरी गिऱ्हाईकं यायला लागली. पहिलं कुटुंब नात्यातलंच होतं. टेबलाच्या मधे लालबुंद शेगडी, वर सळया, बाजूला पुदिन्याची चटणी. आजोबांनी एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चावला, पाणी प्याले आणि म्हणाले, "सुकं झालं. रस्सा कुठंय?"

रस्सा नव्हता. दाजींनी समजावलं की बार्बेक्यूत रस्सा नसतो. "मग भाकरी कशात चुरायची?" याला दाजींपाशी उत्तर नव्हतं, आणि अमेरिकेपाशीही नाही. आमच्याकडं भाकरी चुरल्याशिवाय जेवण झालं असं धरत नाहीत. ते नाष्ट्यात जमा होतं. पुढच्या टेबलानंही तेच विचारलं, त्याच्या पुढच्यानंही. हैदराबादला निघालेल्या एका ट्रकवाल्यानं तर सळया बाजूला सारून विचारलं, "हे दाखवायला ठेवलंय का?" शेवटी बहिणीनं घरून काळ्या तिखटाच्या रश्शाचं पातेलं आणलं. गार पडू नये म्हणून एकानं ते उचलून सरळ टेबलावरच्या शेगडीवर ठेवलं. पुण्याच्या हॉटेलातली ती पवित्र शेगडी त्या दिवशी रस्सा गरम ठेवायच्या कामाला लागली, आणि त्याच दिवशी हॉटेलाला पहिल्यांदा चार पैसे सुटले.

आता संघर्षाच्या चौकटीकडं येतो. सोलापूरहून फ्लेक्स छापून दाजींनी स्वतःची कहाणी भिंतीवर लावली होती. गारपीट, सोयाबीन, टाळेबंदी, 'पण हार मानली नाही', खाली हात बांधून उभे दाजी. वाचून शहरातली गिऱ्हाईकं हळवी व्हायची, दाजींच्या खांद्यावर हात ठेवायची आणि अर्धं ताटात टाकून जायची. तक्रार कुणीच करायचं नाही. ज्याची बाग गारांनी नेली त्याला मटण चिवट आहे असं कोणत्या तोंडानं सांगणार? या चरित्रांमागची खरी मेख मला तिथं कळली. गिऱ्हाईकाचं तोंड भरल्या डोळ्यांनी बंद करायची ती सोय आहे, आणि ज्या स्वयंपाक्याला कुणी नाव ठेवत नाही त्याचा हात सुधारत नाही.

एका बुधवारी लोहारा तालुक्यातले, सास्तूरकडचे एक म्हातारे गृहस्थ आले. धोतर, टोपी, सोबत नातू. त्यांनी फ्लेक्स सावकाश, बोट फिरवत, अगदी मुद्रकाच्या नावापर्यंत वाचला. सास्तूरच्या माणसाला दुसऱ्याचे हाल वाचायला देणं म्हणजे काय ते दाजींच्या तोवर ध्यानात आलं नव्हतं. ते आपले शेजारी उभे राहून अभिप्रायाची वाट बघत होते. म्हाताऱ्यांनी बसून जेवण केलं, हात धुतले आणि म्हणाले, "लिवलंय बेस. पर पावणं, मांडीचं भाजू नका, ती रश्शात घाला. निखाऱ्यावर कलेजी ठिवा. आन् मीठ आदी लावा, मागनं नगं." एवढं बोलून त्यांनी पैसे दिले, पुरे दिले, आणि नातवाला घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी फ्लेक्स उतरला. वाया गेला नाही, पावसाळ्यात कडब्याच्या गंजीवर पालथा घातलाय. दाजी आता आतल्या बाजूला हात बांधून उभे आहेत. भिंतीवर दरपत्रक आलं.

नंतरचं हॉटेल पुण्याच्या हॉटेलासारखं अजिबात दिसत नाही, म्हणून चालतं. मटण रश्शात शिजतं, कलेजी आणि बरगडी निखाऱ्यावर येते, रस्सा लागेल तेवढा. देवाच्या वारी वांगी, कांदे, हिरव्या मिरच्या आणि कणसं भाजतात, त्यासाठी वेगळ्या शेगड्या आहेत आणि त्या वेगळ्याच आहेत ना हे बघायला माळकरी मंडळी आत डोकावून जातात. पौषात मागच्या रानात आगटी पेटते. जमिनीत खळगा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, त्यावर ज्वारीची कोवळी कणसं. दाण्यातलं दूध घट्ट झालंय पण दाणा वाळलेला नाही, अशा मोजक्या दिवसांतली. भाजलेलं कणीस हातावर चोळलं की हिरवा हुरडा सुटतो, वर शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. लिंगायत आज्या, माळकरी, बोकडाचे भक्त, सगळे एका आगटीभोवती बसतात. बहिणीचं वांग्याचं भाकीत खरं ठरल्यामुळं गल्ल्यावर ती बसते, दाजी भाजतात. मी जेवायला जातो आणि मेव्हणा म्हणून बिल देत नाही.

तुम्ही याल तर गाडी हळू चालवा, पाटी अजून तीच आहे. मटण खायचं असेल तर बुधवार, शुक्रवार, रविवार बघून या. मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवशीला, हॉटेल बंद असतं. सगळं गाव रानात कडब्याची कोप करून पूजेला आणि जेवायला गेलेलं असतं. चुकून त्याच दिवशी आलात तर परत फिरू नका. रस्त्याकडेच्या कुठल्याही रानात शिरा, भज्जी, उंडे आणि आंबील पुढं येईल, "पावणं, बसा" म्हणतील. फक्त पैसे किती झाले ते विचारू नका, माणसं रागावतात.